माग आणि मुद्देमाल

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३. अहेरी तालुक्यातल्या महागावात एका कुटुंबातली पाच माणसे वीस दिवसांत दगावली. आधी नवरा-बायको एका दिवसाच्या अंतराने गेले, मग पुढच्या पंधरवड्यात मुलगी, मुलगा आणि नात्यातली एक बाई. हातापायांना मुंग्या, कंबरेत कळा, काळे पडलेले ओठ, जड झालेली जीभ. सगळ्यांची तक्रार सारखीच. त्यांच्या मदतीला धावलेल्यांपैकीही काही जण आजारी पडले. पहिल्या तपासणीत विष निघाले नाही, पण डॉक्टरांनी संशय सोडला नाही. पुढे पोलिसांनी नात्यातल्याच दोन स्त्रियांना अटक केली आणि अन्नपाण्यातून थॅलियम दिल्याचा आरोप ठेवला. तो खरा की खोटा हे न्यायालय ठरवील. त्यावर मत देण्याचा अधिकार मला नाही.

मी अडतो तो वेगळ्याच जागी. हीच मरणे नागपूरला न्यायला गाडी न मिळणाऱ्या घरात झाली असती तर? ओठ काळे पडून घरातली माणसे एकामागून एक जाऊ लागली की आमच्या भागात तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘करणी’. ‘विष’ हा शब्द फार उशिरा येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर गावात बांधून मारले. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक बाई आणि एक पुरुष जादूटोण्याच्या संशयापायी जिवंत जाळले गेले. मरणाचे कारण कोणी सांगितले नाही की गाव ते स्वतः शोधते, आणि गावाने शोधलेल्या कारणाला दर वेळी एखाद्या शेजाऱ्याचे नाव असते.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीत फॉरेन्सिक शास्त्राचे पहिले काम माणूस कशाने मेला ते सांगणे, हे आहे. गुन्हेगार पकडणे त्यानंतरचे. या पुस्तकातले सगळे लेख याच क्रमाने विचार करतात, आणि एवढ्यासाठीच ते मुंबई-पुण्याच्या गुन्हेकथांपेक्षा वेगळे वाटतील.

सरकारी मराठीत या शास्त्राला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. शब्द नेमका आहे: न्यायाला साह्य करणारे, निवाडा करणारे कोणी दुसरेच. कोर्टाच्या आवारात मात्र हा शब्द ऐकू येत नाही. तिथे वकील विचारतो, ‘सीए आला का?’ सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर, मुंबई इलाख्यातले इंग्रजांच्या काळातले सरकारी पद. त्या पदावर बसलेल्या आय. बी. लायन यांनी १८८९ मध्ये हिंदुस्थानसाठी वैद्यकीय न्यायशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. आज कालिन्याला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे संचालनालय आहे, नागपूरला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, चंद्रपूरला लघु प्रयोगशाळा आहे. पण रक्ताचा डाग असो, गोळी असो की मोहाच्या दारूची बाटली, अहवालाचे नाव सीएच. दारूचे म्हणाल तर गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात २०१५ ते २०२१. बंदीच्या काळात पकडलेल्या मालाचा नमुना तपासायला जायचा, आणि खुनाच्या व्हिसेऱ्याच्या रांगेत दारूच्या बाटल्याही उभ्या राहायच्या. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले, ही रांग मात्र कोणी मोजली नाही.

गाण्यासारखी या शास्त्राचीही घराणी आहेत, आणि ती एकमेकांना फारशी मानत नाहीत. सर्वांत जुने विषाचे. ऑर्फिला यांनी १८१४ मध्ये विषांवर ग्रंथ लिहिला. मार्श यांनी १८३६ मध्ये सोमल पकडण्याची चाचणी काढली आणि युरोपातल्या कित्येक वारसांची झोप उडाली. आपल्याकडे मद्रास, कलकत्ता, आग्रा आणि १८७० मध्ये मुंबई अशा रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा निघाल्या, त्या मुख्यतः सोमल, अफू आणि वाटसरूंना घातल्या जाणाऱ्या धोतऱ्यासाठी. या घराण्याची मर्यादा महागावने दाखवली. रसायनशास्त्रज्ञाला जे शोधायला सांगाल ते तो शोधतो. कीटकनाशके आणि नेहमीची विषे शोधण्याच्या पद्धतीत थॅलियमसारखा धातू निसटू शकतो. त्याचे क्षार रंगाने, चवीने ओळखू येत नाहीत, केस गळू लागतात तेही दोन-तीन आठवड्यांनी. तेव्हा व्हिसेऱ्याच्या बरणीबरोबर जाणाऱ्या कागदावर डॉक्टराने काय लिहिले आहे, लक्षणे सांगितली आहेत की नुसतेच ‘विषबाधेचा संशय’ असे खरडले आहे, यावर अर्धा निकाल ठरतो. हा कागद भरण्याची कला वैद्यकीय महाविद्यालयात कितपत शिकवतात, हे वाचकाने ओळखीच्या एखाद्या तरुण डॉक्टरला विचारून पाहावे.

दुसरे घराणे शवविच्छेदनाचे आणि जखमांचे. त्याबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे, कारण या देशातला त्यातला सर्वांत मोठा धडा याच मातीत घडला. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. देसाईगंज चंद्रपुरात होते. ते प्रकरण देशभर त्या मुलीच्या नावाने ओळखले जाते. मी ते नाव इथे लिहीत नाही. तिची वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास. डॉक्टरांनी अंगावर जखम नाही असे नोंदवले, दोन बोटांची ती चाचणी केली आणि शरीर संबंधांना सरावलेले आहे असा अर्थ निघेल असे लिहिले. कपड्यांवर वीर्याचे डाग रासायनिक तपासणीत निघाले होते. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने जून १९७४ मध्ये आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा सोडले. जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणजे संमती, असा तो तर्क होता. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

या खटल्यावर कायद्याच्या अंगाने भरपूर लिहिले गेले आहे. विज्ञानाच्या अंगाने तो क्वचितच वाचला जातो. तिथे पुरावा होता, तज्ज्ञ होता, अहवाल होता. चुकला तो प्रश्न. घाबरलेल्या मुलीच्या अंगावर ओरखडा नसणे हे ठाण्याच्या दाराला आतून कडी होती का, दिवा मालवला होता का, समोर वर्दी होती का, या प्रश्नांचे उत्तर नव्हे. आणि दोन बोटांची चाचणी तर कुठल्याच प्रश्नाचे उत्तर नव्हती. ती चाचणी पुढे चार दशके चालू राहिली. तिच्याविरुद्धच्या लढाईत पुन्हा आमच्याच शेजारचे एक नाव येते: सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर. अशा तपासण्या किती वाईट होतात हे त्यांनी अहवाल लिहून मांडले, त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका चालली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ही चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल असे बजावले. देसाईगंज ते हा निकाल, पन्नास वर्षे.

ओळख पटवण्याचे तिसरे घराणे भारतात जन्मले, हे मराठी वाचकाला निदान एकदा अभिमानाने सांगायला हरकत नाही. विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये बंगालात एका कंत्राटावर हाताचा ठसा घेतला तो कंत्राटदाराने शब्द फिरवू नये म्हणून. जगातले पहिले अंगुलिमुद्रा केंद्र १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. तिचे गणित बसवले होते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्यांच्या हाताखालच्या दोघांनी. श्रेय साहेबाला आणि आकडेमोड बाबूला, ही परंपरा तिथेही चुकली नाही.

चौथे घराणे फ्रान्सच्या लिआँ शहरातले. एडमाँ लोकार यांनी १९१० मध्ये तिथे पोलिसांसाठी प्रयोगशाळा थाटली. त्यांचे सूत्र सोपे: दोन वस्तू एकमेकींना लागल्या की थोडी एकीची दुसरीवर राहतेच. कुऱ्हाडीच्या पात्यावर सालीचा कण, बुटाच्या तळव्यात लाल माती, साडीच्या पदराला कुसळ. शहरातल्या माणसाला हे शिकवावे लागते. आमच्या जंगलातल्या माडिया, गोंड माणसाला ते येतेच. तो त्याला ‘माग’ म्हणतो, आणि मोडलेल्या काडीवरून जनावर केव्हा गेले ते सांगतो. मात्र त्याचे सांगणे न्यायालयात टिकत नाही, कारण ते लिहिलेले, मोजलेले, सील केलेले नसते. माग ते मुद्देमाल हा जो प्रवास आहे, त्याचे नाव न्यायसहायक विज्ञान. या संग्रहाला जे नाव दिले आहे ते त्यावरूनच.

पाचवे घराणे डीएनएचे. अॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये लेस्टरला ते सापडले. हैदराबादेत लालजी सिंह यांनी त्यासाठी जी स्वतःची खूण वापरली ती पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएवरून मिळालेली होती. तो साप आमच्या जिल्ह्यांतही आढळतो. दिसला की लोक काठी शोधतात. त्याच्यामुळे किती निरपराध सुटले आणि किती मुलांना बाप मिळाला हे त्यांना कोण सांगणार?

माणसांच्या गुन्ह्यांचे एवढे पुरे. या दोन जिल्ह्यांवरचे पुस्तक वाघाशिवाय लिहिता येत नाही. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, अंधारीसह १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात वाघ आणि माणूस एकाच पांदणीने चालतात. मोहफुले वेचायच्या दिवसांत किंवा तेंदूच्या हंगामात रानात पडलेले प्रेत सापडते. वाघाने मारले की कोणी मारून वाघाच्या वाटेवर टाकले? मानेवरच्या सुळ्यांच्या खुणांचे अंतर, ओढत नेल्याचा माग, जखमेभोवतीची लाळ, नखात अडकलेला केस यांची नोंद पहिल्या तासात झाली नाही तर गिधाडे आणि कोल्हे ती पुसून टाकतात. लाळेतून डीएनए काढून वाघ नर की मादी, कुठला, हे सांगता येते. ते काम डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि हैदराबादच्या लॅकोन्समध्ये होते.

वाघ ओळखण्याच्या इतिहासात मोठी गंमत आहे. १९६० च्या दशकापासून ओडिशातल्या सरोज राज चौधुरी यांच्या पद्धतीने काचेवर पंजाचा ठसा उतरवून वाघ मोजले जात. अनुभवी वनरक्षक ठशावरून वाघ ओळखतो, अशी श्रद्धा होती. २००५ मध्ये सरिस्कातले वाघ कागदावर होते आणि जंगलात नव्हते हे उघडकीला आले, तेव्हा ती श्रद्धा मोडली. त्यानंतर आले कॅमेरे आणि पट्टे. वाघाच्या पट्ट्यांची नक्षी माणसाच्या बोटासारखी एकट्याची असते. त्यामुळे दूर कुठे पकडलेले कातडे कोणत्या जंगलातले हे जुन्या छायाचित्रांशी ताडून कळू शकते. सीटी-१ या नावाने नोंदलेला वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात पकडला गेला. त्याच्या नावे गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडाऱ्यातले १३ बळी होते. चुकीचा वाघ पकडला तर एक निरपराध जनावर जन्मठेप भोगते आणि खरा मोकळा राहतो, म्हणून अशा वेळी पट्टे जुळवणे हा नुसता शोध नसतो. शेजारच्या यवतमाळात टी-१ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळीने मेली, तेव्हा तिच्या अंगातल्या बेशुद्धीच्या डार्टवरून जो प्रश्न उभा राहिला तो थेट प्रक्षेपणशास्त्राचा होता: डार्ट बंदुकीतून आला की नंतर टोचला? वाघिणीच्या शवविच्छेदनातही खुनाच्या खटल्यासारखेच तपशील लागतात, हे तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळले.

शिकारीची साधी पद्धत बंदुकीहून क्रूर आहे. रानडुकरासाठी वीजवाहिनीवर आकडा टाकून तार पसरतात, त्यात वाघ जातो, कधी शेजारचा शेतकरीही. तार रातोरात गुंडाळली जाते. पण उपकेंद्रावर ट्रिपिंगची नोंद राहते, वेळेसकट. अशी वही वाचायचे सुचणे हीच खरी तपासाची बुद्धी.

आणि नक्षलवाद. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या रस्त्यावर भूसुरुंगाने १५ पोलिस आणि त्यांचा चालक मारले गेले. खड्ड्याची खोली, मातीतले कण, तारेचा तुकडा यांवरून स्फोटक ओळखायचे काम त्याच रस्त्यावर जीव मुठीत धरून करावे लागते. दुसऱ्या बाजूला प्रत्येक चकमकीनंतर गावातून प्रश्न उठतो की मेलेला कोण होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्राविरुद्धच्याच एका याचिकेत नियम घालून दिले: स्वतंत्र तपास, दोन डॉक्टरांकडून चित्रित शवविच्छेदन, शस्त्रांची तपासणी. हे नियम पाळले तर पोलिसांचा खरेपणाही सिद्ध होतो. दोन्ही बाजूंचे लोक त्यांना अडथळा समजतात, हे मला कधी उमगले नाही.

आता माझे म्हणणे. पुरावा प्रयोगशाळेत क्वचित मरतो. तो वाटेत मरतो. सिरोंचा ते नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत बांधायचे असतात. ओलेच प्लास्टिकमध्ये घातले तर बुरशी धरते आणि डीएनए जातो. व्हिसेऱ्याच्या बरणीत मिठाचे संपृक्त द्रावण असते, त्याबरोबर त्याच मिठाचा वेगळा नमुना गेला नाही की बचावाचा वकील मिठावरच बोट ठेवतो. मुद्देमाल घेऊन जाणारा शिपाई, ज्याला कोर्ट ‘कॅरिअर’ म्हणते, तो पुडके मांडीवर ठेवून एसटीत बसतो. त्याची साक्ष पाच मिनिटांची, पण तिच्यावर सगळे उभे.

वकिलीच्या पहिल्या वर्षांत मी एका खुनाच्या खटल्यात आरोपीचा वकील होतो. पंचनाम्यात कुऱ्हाडीचा दांडा २२ इंच लिहिलेला. कोर्टात पुडके फोडून मी पट्टी लावली, २७ भरला. पंचाने सांगितले की सही ठाण्यात केली, सील कधी लागले ते पाहिले नाही. आरोपी सुटला. त्याच्या बायकोने माझ्या पायांवर डोके ठेवले. मेलेल्याची आई मागच्या बाकावर बसून होती, तिने काहीच केले नाही. तो निर्दोष होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या पाच इंचांनी ते कायमचे झाकून टाकले.

वरच्या न्यायालयांचेही हेच म्हणणे आहे. दिल्लीच्या छावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा रद्द करून आरोपींना सोडले, तेव्हा एक कारण नमुने ठाण्याच्या मालखान्यात कित्येक दिवस पडून होते हे होते. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या खटल्यात त्याच न्यायालयाने डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचावेत आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेले त्याची नोंदवही असावी असे सांगितले. चेन्नईसाठी ४८ तास पुरेसे आहेत. ऑगस्टमधल्या भामरागडला ते कोण देणार?

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तरही तिथेच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्याचे चित्रण करणे तिने बंधनकारक केले. व्यवस्था उभारायला राज्यांना पाच वर्षे दिली. झडती-जप्तीचेही चित्रण आले. फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्या जिल्ह्यांना मिळू लागल्या. कायदा मुंबईला आणि कोरचीला एकच. तज्ज्ञ, रस्ता आणि वीज एक नाहीत. मोबाइलचा मनोरा दूर आणि त्याच्याखाली कित्येक गावे, तिथे ‘लोकेशन’ दाखवून आरोपी घटनास्थळी होता असे म्हणणे म्हणजे तो तालुक्यात होता असे म्हणण्यासारखेच.

विज्ञानाची आंधळी भक्तीही आम्हाला नको आहे. २००४ च्या माद्रिद स्फोटांनंतर अमेरिकी तज्ज्ञांनी एका वकिलाचा ठसा खात्रीने जुळवला, आणि तो दुसऱ्याचाच निघाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्ये दाताच्या चाव्यांपासून केसांपर्यंत कित्येक तंत्रांचा पाया कच्चा असल्याचे लिहिले. आपल्याकडे नार्को आणि ब्रेन मॅपिंगची जी हौस होती तिला २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला: संमतीविना नाही. तज्ज्ञ ‘जुळते’ म्हणाला की ‘किती खात्रीने?’ हे विचारायची सवय आपल्या वकिलांना अजून लागायची आहे. ती लागावी हाही या लेखांचा एक हेतू.

लेखकांत डॉक्टर आहेत, वनाधिकारी, रसायनतज्ज्ञ, पोलिस, वकील आहेत. त्यांचे एकमेकांशी पटत नाही आणि मी ते पटवलेले नाही. एकाच पंचनाम्याकडे पोलिस आणि बचावाचा वकील कसे पाहतात हे शेजारी शेजारी वाचले तरच कळते. हे पाठ्यपुस्तक नाही; न्यायवैद्यकावरचा डॉ. मोदींचा १९२० पासूनचा ग्रंथ त्यासाठी आहे. चालू खटल्यांत कोणाला दोषी धरलेले नाही, पीडितांची नावे दिलेली नाहीत. इंग्रजी संज्ञा जिथे कोर्टात रूढ आहेत तिथे तशाच ठेवल्या आहेत, कारण ‘सीए’ला नवा मराठी शब्द घडवला तर तो फक्त या पुस्तकात जगेल.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण प्रयोगशाळेत कधी जाणार नाहीत. पण या दोन जिल्ह्यांत राहत असाल तर पंच म्हणून बोलावणे केव्हातरी येईल. गेलात तर कागद वाचल्याशिवाय सही करू नका. माडिया किंवा गोंडीच येत असेल तर वाचून आणि समजावून घ्या. लांबी लिहिली असेल तर पट्टी लावायला सांगा. आणि सील तुमच्या डोळ्यांदेखत लागले नसेल, तर सहीच्या वर तसे लिहा.